निर्वासित आणि द्वारपाल

अमेरिकेला लोक का गेले, या प्रश्नाला शालेय इतिहासाची पुस्तके जे उत्तर देतात, त्यात धर्मस्वातंत्र्याची ओढ, मोकळी सुपीक जमीन आणि चढी मजुरी या तीन कारणांचा उल्लेख हटकून येतो. आणि हे उत्तर खोटे नसले तरी त्यात ओढणाऱ्या हाताचे वर्णन तेवढे सापडते, ढकलणाऱ्या हाताचे नाव राहून जाते. १८४५ ते १८५५ या दहा वर्षांत आयर्लंडातून २० लाखांवर माणसे परागंदा झाली आणि त्यांतली सुमारे १५ लाख अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जाऊन पोहोचली, त्यांच्या प्रस्थानाचे कारण अमेरिकेच्या वैभवात शोधण्यापेक्षा आयरिश जमीनदारांच्या खंडवसुलीच्या वह्यांत शोधणे अधिक फलदायी ठरेल. त्यांच्या हालअपेष्टांची कथा समुद्रावरच्या मृत्यूंपाशी संपते असा सार्वत्रिक समज आहे. पण तिचा सर्वांत विचार करायला लावणारा अध्याय, हे लोक अमेरिकेचे नागरिक होऊन बसल्यावर, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लिहिला गेला.

१८४१ च्या खानेसुमारीप्रमाणे आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांच्या वर होती. जमिनीची मालकी बहुतांशी प्रॉटेस्टंट सरदार घराण्यांकडे, आणि त्यांतले कित्येकजण वर्षानुवर्षे इंग्लंडातच वास्तव्य करणारे. त्यांच्याकडून मोठे मक्तेदार जमीन घेत, ते ती लहान कुळांना लावून देत, आणि कुळांखाली पुन्हा पोटकुळे, असा हा उतरंडीचा व्यवहार होता. तळाच्या माणसाच्या वाट्याला एखादा एकर, कधी अर्धा, कधी पावच येई, आणि त्याच्यावर उत्तरेकडील अल्स्टर प्रांताचा अपवाद सोडला तर कुळाचा कोणताही स्थिर हक्क नसे. कुळाने बांध घातला, खत टाकले, जमीन सुधारली, की पुढच्या साली खंड वाढे. तेव्हा जमीन न सुधारणे हेच शहाणपणाचे ठरे. शेतात पिकणारे ओट, घरचे लोणी आणि आवारातले डुक्कर ही सारी खंडाची तरतूद होती. कुटुंबाने खायचा तो बटाटा. एकरभर जागेत कुटुंबाचे वर्षाचे पोट भरेल एवढे उत्पन्न देणारे दुसरे पीक त्या ओलसर हवेत नव्हते, आणि कष्टकरी पुरुष दिवसाकाठी पाच-सहा किलो बटाटे सहज संपवी. थोडे ताक आणि बटाटे एवढ्यावर लोकसंख्येचा जवळजवळ तिसरा हिस्सा जगत होता. त्यातही 'लंपर' नावाच्या, भरघोस उतारा देणाऱ्या एकाच जातीवर त्यांचा भार होता.

१८४५ च्या सप्टेंबरात या पिकावर करपा पडला. हा रोग अमेरिका खंडातूनच युरोपात आला होता, आणि बेल्जियम-हॉलंडमधून फिरत तो आयर्लंडला पोहोचला तेव्हा त्याच्या कारणाबद्दल पंडितांत एकमत नव्हते. संध्याकाळी हिरवेगार दिसलेले शेत एक-दोन दिवसांत काळे पडावे, वाऱ्यावर कुजक्या घाणीचा भपकारा यावा, आणि घाईघाईने कुदळ घालून वर काढलेला चांगला दिसणारा बटाटा साठवणीच्या खड्ड्यात आठवड्याभरात चिकट काळा रेंदा होऊन जावा, हा अनुभव गावोगाव आला. त्या वर्षी पिकाचा काही भाग वाचला. १८४६ साली मात्र जवळजवळ सबंध पीक गेले. १८४७ साली रोग कमी होता, पण बेणेच खाऊन टाकलेले असल्यामुळे पेरा नाममात्र झाला. आणि १८४८ साली करपा पुन्हा आला.

राज्यकर्त्यांचे वर्तन या आपत्तीत एकसारखे राहिले नाही. पंतप्रधान रॉबर्ट पील याने १८४५ च्या नोव्हेंबरातच १ लाख पौंडांचा मका अमेरिकेतून गुप्तपणे विकत घेतला. तो दळायला कठीण आणि खायला अनोळखी असल्यामुळे लोकांची पोटे बिघडली, तरी पहिल्या हिवाळ्यात भूकबळी फारसे पडले नाहीत, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. १८४६ च्या जूनमध्ये पीलचे मंत्रिमंडळ पडले, लॉर्ड जॉन रसेल अधिकारावर आला, आणि मदतकार्याची सूत्रे खजिन्याचा सहायक सचिव चार्ल्स ट्रेव्हेल्यन याच्या हाती एकवटली. हा गृहस्थ हिंदुस्थानला अपरिचित नव्हता. कंपनी सरकारच्या नोकरीत दिल्लीला असताना त्याने आपल्याच वरिष्ठाची लाचलुचपत उघडकीस आणून नाव मिळवले होते, तो मेकॉलेचा मेहुणा होता, आणि पुढे मद्रासचा गव्हर्नरही झाला. वैयक्तिक सचोटीत उणे काढता येऊ नये असा हा अमलदार; परंतु व्यापाराच्या नैसर्गिक गतीत सरकारने हात घालू नये, आणि फुकटच्या अन्नाने प्रजा आळशी बनते, या दोन सिद्धांतांवर त्याची इतकी अढळ श्रद्धा होती की, बंदरांतून ओट, लोणी आणि गुरे इंग्लंडकडे रवाना होत असताना, वाटेवर लष्करी पहारा ठेवण्याची पाळी आली तरी, त्या निर्यातीला बंदी घालावी असे त्याला वाटले नाही. दुष्काळी कामे निघाली. १८४७ च्या मार्चपर्यंत त्यांवर ७ लाखांहून अधिक माणसे खडी फोडीत आणि रस्ते बांधीत होती, आणि त्यांतले कित्येक रस्ते कोठेही न जाणारे होते. उपाशी माणसाकडून उक्ते काम करवून घेण्याची ही पद्धत अखेर सरकारलाच आवरती घ्यावी लागली. त्यानंतर उघडलेल्या अन्नछत्रांतून १८४७ च्या जुलैत रोज सुमारे ३० लाख माणसांना शिधा मिळत होता, यावरून मनात आणले असते तर काय साध्य झाले असते हे दिसते. पण ती छत्रेही शरद ऋतूपर्यंत बंद झाली आणि पुढचा सारा बोजा स्थानिक पट्टीवर, म्हणजे दिवाळे निघालेल्या परगण्यांवरच, लादण्यात आला.

त्याच वर्षीच्या कायद्यात एक कलम असे होते की, ज्याच्याकडे पाव एकरापेक्षा अधिक जमीन असेल त्याला सरकारी मदत मिळणार नाही. म्हणजे मुलांच्या तोंडात घास पडायचा तर बापाने जमिनीचा राजीनामा लिहून द्यावा. दुसऱ्या बाजूने, अगदी लहान कुळांची पट्टी जमीनदाराने भरावी असाही नियम होता. त्यामुळे जितकी कुळे कमी तितका त्याचा भरणा कमी. या दोन कलमांच्या चिमट्यात सापडून लाखो माणसे बेदखल झाली. शिपायांच्या बंदोबस्तात कारकून येई, हुकूम वाचून दाखवी, भांडीकुंडी बाहेर काढली जात, आणि कुटुंब रात्री परत शिरू नये म्हणून आढे कापून छप्पर खाली आणले जाई. दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या रोगराईत सुमारे १० लाख माणसे मृत्यू पावली. याच मदतकार्यातल्या सेवेबद्दल १८४८ साली ट्रेव्हेल्यनला 'सर' ही पदवी मिळाली. परक्यांची सहानुभूती मात्र आटली नव्हती. १८४६ च्या आरंभी कलकत्त्यात आयर्लंडसाठी निधी उभारला गेला. आणि पितृभूमीतून हुसकावल्या गेलेल्या चॉक्टॉ नावाच्या अमेरिकन आदिवासींनी १८४७ साली आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून वर्गणी पाठवली.

आता जे उरले त्यांच्यापुढे वर्कहाऊस नावाचे सरकारी अनाथगृह किंवा जहाज, असे दोनच मार्ग होते. निघण्याच्या आदल्या रात्री शेजारीपाजारी जमत, आणि मृताच्या उशाशी जागण्याचा जो परंपरागत विधी होता तोच जिवंत माणसासाठी पाळला जाई. म्हाताऱ्या बायका शोकगीत म्हणत, कारण गेलेला परत येत नाही हे सर्वांस ठाऊक असे. काही जमीनदारांनी हिशेब करून पाहिला तेव्हा कुळाला वर्षभर वर्कहाऊसात पोसण्यापेक्षा त्याचे भाडे भरून कॅनडाला रवाना करणे स्वस्त पडते असे त्यांना आढळले. रॉसकॉमन परगण्यातल्या स्ट्रोक्सटाउनच्या मेजर डेनिस मेहन याने १८४७ साली सुमारे १,००० कुळांची अशी बोळवण केली. त्यांतल्या 'व्हर्जिनियस' या जहाजावरच्या ४७६ उतारूंपैकी १५० हून अधिक वाटेतच मेले. ही बातमी गावी येऊन थडकल्यानंतर, नोव्हेंबरात, मेजर मेहन गोळी लागून ठार झाला.

बहुतेकांचा रस्ता लिव्हरपूलवरून जाई. तेथे उतरताच दलाल सामान हिसकावून आपल्या खाणावळीत नेत आणि तिकीट मिळेपर्यंत उतारूला लुबाडीत. कॅनडाचे भाडे न्यूयॉर्कपेक्षा कमी असे, कारण अमेरिकन सरकारने उतारूंच्या संख्येवर कडक निर्बंध घातले होते, आणि कॅनडातून इमारती लाकूड आणणाऱ्या जहाजांना परतीच्या खेपेत भरताडासाठी काहीतरी हवेच होते. ते भरताड माणसांचे मिळाले. लाकडासाठी बांधलेल्या त्या पोकळीत कच्च्या फळ्या ठोकून माळे केलेले असत, आणि सहा फूट लांब-रुंद मचाणावर चार प्रौढ माणसे निजत. कायद्याने प्रत्येकाला आठवड्याला सात पौंड शिधा आणि रोज तीन क्वार्ट पाणी मिळणे आवश्यक होते. मिळे तेव्हा तो शिधा कच्चा मिळे आणि डेकवरच्या शेगडीपाशी पाळी लावून शिजवावा लागे. वादळात झडपा बंद झाल्या की शेगडीही बंद आणि हवाही बंद. पाच ते आठ आठवड्यांच्या अशा प्रवासात उवांमधून पसरणारा टायफस, ज्याला खलाशी जहाजी ताप म्हणत, एका मचाणावरून दुसऱ्यावर सरकत जाई.

सेंट लॉरेन्स नदीत क्वेबेकच्या खाली ग्रोस ईल नावाचे एक खडकाळ बेट आहे. १८३२ च्या पटकीपासून तेथे संसर्गरोग्यांसाठी नाके होते आणि त्याचा प्रमुख डॉक्टर जॉर्ज डग्लस याच्यापाशी १८४७ च्या वसंतात दीडशे-दोनशे रोग्यांपुरतीच सोय होती. मेच्या मध्यास 'सीरिया' हे पहिले जहाज आले. महिनाअखेरीस सुमारे ४० जहाजे नदीत दोन मैलांची रांग लावून उभी होती. रोग्यांना उतरवायला जागा नाही, म्हणून निरोगी माणसांनी रोग्यांबरोबर जहाजातच थांबावे, आणि थांबल्यामुळे तेही रोगी व्हावेत, असे हे दुष्टचक्र सबंध उन्हाळाभर चालले. तंबू, पडव्या, देवळे सारी भरली. डॉक्टर, परिचारिका आणि पाद्री यांतलेही कित्येक दगावले. माती पुरेशी खोल नसल्यामुळे चर खणून शवपेट्या एकीवर एक रचाव्या लागल्या. त्या बेटावर ५,००० हून अधिक आयरिश माणसे पुरलेली आहेत. त्या साली कॅनडाकडे निघालेल्या सुमारे १ लाख लोकांपैकी निदान सहावा हिस्सा वाटेत, बेटावर किंवा पुढच्या शहरांत मेला. मागे उरलेल्या पोरक्या मुलांना फ्रेंच बोलणाऱ्या शेतकरी कुटुंबांनी घरात घेतले, आणि त्यांतल्या पुष्कळांची आयरिश आडनावे तशीच राहू दिली, हे त्या काळोख्या वर्षातले एक माणुसकीचे कृत्य म्हटले पाहिजे.

जगले ते दक्षिणेकडे सरकले, किंवा थेट न्यूयॉर्क-बॉस्टनला उतरले. बॉस्टनची वस्ती तेव्हा सव्वा लाखाच्या आत होती आणि एकट्या १८४७ साली तेथे सुमारे ३७,००० आयरिश आले. शेतकरी असून त्यांच्यापैकी फारच थोडे जमिनीकडे गेले. पश्चिमेकडची जमीन स्वस्त होती, पण तेथवर जायला, बैल आणि बी घ्यायला आणि पहिले पीक येईपर्यंत खायला पैसा लागतो, आणि यांच्यापाशी बंदरावरून पुढच्या गल्लीत जाण्याइतकाच पैसा होता. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स वस्तीत तळघराच्या एका खोलीत दोन-दोन कुटुंबे राहू लागली. १८४९ च्या पटकीने त्या तळघरांतून मोठा बळी घेतला. पुरुषांनी कालवे खणले, रूळ टाकले, गोदीत ओझी वाहिली; बायका घरकामाला लागल्या, आणि त्याच खऱ्या अर्थाने या लोकसमूहाच्या अन्नदात्या ठरल्या. मोलकरणीला राहणे-जेवणे मालकाकडे असल्यामुळे तिचा पगार शिल्लक पडे, आणि तो आयर्लंडला जाई. १८५० च्या सुमारास अशा रीतीने वर्षाला १० लाख पौंडांच्या आसपास रक्कम मायदेशी पोहोचत होती. त्यातून घरचा खंड भागे आणि धाकट्या भावंडाचे तिकीट निघे. एकाने दुसऱ्याला ओढून नेण्याच्या या साखळीने असंख्य माणसे जगवली.

जुन्या वसाहतकऱ्यांना हे लोक नको होते. ते दरिद्री होते, रोगी होते, आणि मुख्य म्हणजे कॅथलिक होते. रोमच्या धर्मगुरूशी इमान राखणारा मनुष्य प्रजासत्ताकाचा नागरिक कसा होऊ शकेल, असा त्यांचा सवाल होता. १८३४ साली बॉस्टननजीकच्या चार्ल्सटाउनमध्ये जोगिणींचा मठ जाळला गेला होता, १८४४ साली फिलाडेल्फियात चर्चे पेटली होती. दुष्काळातली लाट आल्यावर या द्वेषाला पक्षाचे रूप आले. 'नो-नथिंग' या नावाने ओळखल्या गेलेल्या या गुप्त संघटनेच्या सभासदाला काही विचारले की त्याने मला काही ठाऊक नाही असे सांगावे, अशी शिस्त होती. १८५४ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नरपद आणि जवळजवळ सबंध विधिमंडळ या पक्षाने जिंकले. परक्याला नागरिकत्व मिळण्यासाठी पाच वर्षांऐवजी २१ वर्षे वास्तव्य आवश्यक करावे, ही त्यांची मुख्य मागणी. वॉशिंग्टनच्या स्मारकासाठी पोप नववे पायस यांनी पाठवलेला संगमरवरी दगड त्याच वर्षीच्या मार्चमध्ये रात्री चोरीला गेला, आणि तो पोटोमॅक नदीत फेकला गेला असे मानले जाते. १८५८ च्या सप्टेंबरात स्टेटन बेटावरच्या प्रतिष्ठित रहिवाशांनी तेथले संसर्गरोग्यांचे सरकारी रुग्णालय, आतल्या रोग्यांना बाहेर काढून, दोन रात्रींत जाळून भस्म केले.

इतका छळ सोसलेल्या समाजाची सहानुभूती आपल्याहून खाली दडपलेल्यांकडे जाईल, अशी अपेक्षा कोणीही करील. १८४५ च्या शरदात, करपा पहिल्यांदा पडत होता त्याच आठवड्यांत, गुलामगिरीतून पळालेला फ्रेडरिक डग्लस डब्लिनमध्ये व्याख्याने देत होता, आणि आयरिश पुढारी डॅनियल ओकॉनेल याने त्याचे भर सभेत स्वागत केले होते. अठरा वर्षांनी, १८६३ च्या जुलैत, यादवी युद्धाच्या सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध न्यूयॉर्क पेटले. ३०० डॉलर भरील त्याला भरतीतून माफी होती, म्हणजे श्रीमंताचा जीव वाचला आणि गरिबाचा पणास लागला, ही तक्रार रास्त होती. पण बहुतांशी आयरिश असलेल्या त्या जमावाचा रोख अखेर कायदा करणाऱ्यांवरून कृष्णवर्णीयांवर वळला. गोदीतल्या मजुरीत तेच आपले प्रतिस्पर्धी, आणि त्यांच्याचसाठी आपण मरायचे, असे त्यांना वाटत होते. कृष्णवर्णीय अनाथ बालकांचे वसतिगृह जाळण्यात आले. दोनशेवर मुले मागच्या दाराने कशीबशी निसटली. चार दिवसांत सुमारे १२० माणसे मेली. न्यायासाठी हेही नमूद केले पाहिजे की, ही दंगल आवरणाऱ्या पोलिसांत आयरिश पुष्कळ होते, आणि उत्तरेच्या सैन्यात आयर्लंडात जन्मलेले सुमारे दीड लाख शिपाई लढत होते. या रक्तानेच त्यांना अमेरिकेत प्रतिष्ठा मिळवून दिली.

पॅसिफिक किनाऱ्यावर याच सुमारास दुसरे निर्वासित आले होते. चीनच्या क्वांगटुंग प्रांतातली ओढग्रस्त आणि ताइपिंग बंडाची धामधूम यांनी तेथील माणसांना सोन्याच्या बातमीमागे कॅलिफोर्नियाला आणले. खाणीवर त्यांच्याकडून परदेशी म्हणून वेगळा मासिक कर घेतला जाई, आणि १८५४ च्या एका निकालाने गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्ष अग्राह्य ठरवली. खंडाला जोडणारी रेल्वे पूर्वेकडून मुख्यतः आयरिश आणि पश्चिमेकडून मुख्यतः चिनी मजुरांनी बांधली. १० मे १८६९ रोजी प्रॉमन्टरी येथे रूळ एकमेकांस मिळाले, आणि त्या दिवसानंतर दोन्हीकडचे मजूर एकाच बाजारात काम शोधू लागले. १८७३ च्या मंदीने मजुरी कोसळली. १८७७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वाळूच्या मैदानावर गाडीवाल्यांचा एक पुढारी सभा गाजवू लागला आणि चिन्यांना घालवलेच पाहिजे या घोषणेने प्रत्येक भाषण संपवू लागला. त्याचे नाव डेनिस कर्नी. तो कॉर्क परगण्यात १८४७ साली, म्हणजे दुष्काळाच्या सर्वांत काळ्या वर्षी, जन्मला होता, आणि त्याला अमेरिकेचे नागरिकत्व मिळून एकच वर्ष लोटले होते.

त्याचे म्हणणे मान्य झाले. ६ मे १८८२ रोजी अध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी चिनी मजुरांना दहा वर्षे देशात येण्यास मनाई करणाऱ्या आणि चिनी माणसाला नागरिकत्व नाकारणाऱ्या कायद्यावर सही केली. वीस वर्षांच्या मनाईचा आधीचा मसुदा त्यांनी नामंजूर केला होता, एवढा विवेक त्यांच्यापाशी होता. त्यांचे वडील स्वतः आयर्लंडातल्या अँट्रिम परगण्यातून आलेले होते. दहा वर्षांनी, १ जानेवारी १८९२ रोजी, न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर नवे नाके उघडले, तेव्हा पहिली नोंद ॲनी मूर या कॉर्कच्या मुलीची झाली आणि तिला दहा डॉलरचे सुवर्णनाणे भेट मिळाले. त्याच वर्षी ५ मे रोजी झालेल्या दुसऱ्या कायद्याने देशातल्या प्रत्येक चिनी मजुराने वास्तव्याचा दाखला जवळ बाळगणे सक्तीचे केले. दाखला वेळेवर न घेतल्यास पूर्वीपासून तेथे राहत होता हे सिद्ध करायला निदान एक विश्वासार्ह गोरा साक्षीदार हजर करावा लागे, नाहीतर सक्तमजुरी आणि हद्दपारी. ही बंदी १९४३ पर्यंत टिकली, आणि उठली तेव्हाही चिन्यांच्या वाट्याला वर्षाला १०५ जागा आल्या.

कर्नीला आणि त्याच्या श्रोत्यांना कृतघ्न किंवा दुष्ट ठरवून हा हिशेब मिटत नाही. दुःख भोगलेला मनुष्य दयाळू होतो हा आपला समज साहित्यात शोभतो. समाजात तो खरा ठरायचा तर, भोगून आलेल्याच्या पायाखाली थोडी तरी स्थिर जमीन असावी लागते. आयरिश मजुराला ती मिळाली नव्हती. त्याला सर्वांत खालच्या पायरीवर उभे केले होते, आणि वर चढण्याचा जो एक मार्ग त्याला दाखवला गेला तो म्हणजे आपल्याही खाली कोणीतरी आहे हे सिद्ध करणे. हे करताना खाणमालक, रेल्वे कंपन्या आणि निवडणुकीचे हिशेब मांडणारे पक्षनेते यांच्यापैकी कोणाचीही पायरी हलली नाही. कुळाने पोटकुळाला पिळावे, आणि पिळल्या गेलेल्या पोटकुळाच्या मुलाने पुढे आपल्याखाली नवे पोटकूळ शोधावे, अशा रीतीने आयर्लंडातली जी उतरंड त्यांनी मागे टाकली असे मानले होते तिचा कित्ता त्यांनी नव्या देशात स्वतः गिरवला. आणि म्हणून अमेरिकेतल्या आयरिश लोकांचा इतिहास लिहिताना ग्रोस ईलचे चर जितक्या विस्ताराने वर्णन केले जातात, तितक्याच विस्ताराने सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानावरच्या सभांचेही वर्णन झाले पाहिजे.